सोड्यात उकळलेली हाडं

"म्हणजे माझ्या हाताला विष आहे, असं सरळ म्हण ना," अपा म्हणाल्या आणि रश्श्यातला झारा काढून त्यांनी भांड्याच्या काठावर आपटला.

उल्बोसिन दाराशीच उभी होती. बूट काढले होते, पण कोट अंगावर तसाच होता आणि डोक्यावरच्या रुमालातलं बर्फ वितळून कपाळावर उतरत होतं. "विष नाही म्हटलं मी. पाण्यात काय घातलं होतं एवढंच विचारतेय."

"तिसऱ्यांदा विचारतेयस."

"दोनदा तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून."

आमच्या घरात सून सासूशी असं बोलत नाही. मी टेबलाशी शेवयांच्या पट्ट्या कापत होते. सुरी चालू ठेवावी की थांबवावी, कळेना. उल्बोसिनच्या नवऱ्याने, झोलदासने, टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला असता तर तो ऐकतोय हे दिसलं असतं.

अपा म्हणजे आमच्या सासूबाई. ऐंशी उलटली, पण दात स्वतःचे आणि मतंही स्वतःचीच. मी थोरली सून. माझे यजमान गेल्यापासून अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहते, स्वयंपाकाला आणि भांडणाला मात्र इकडेच असते. उल्बोसिन धाकटी. तिच्या नावाचा अर्थ 'मुलगा होऊ दे'. तीन मुलींनंतर चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापाने हे नाव ठेवलं. नावाने काही काम केलं नाही, पाचवीही मुलगीच झाली, पण तोवर हिच्या गळ्यात ते कायमचं पडलं होतं. आता ती त्रेपन्न वर्षांची आहे आणि कोणी हाक मारली तर आधी सुस्कारा टाकते, मग वळते.

ती करागांदा शहरात एका संस्थेच्या प्रयोगशाळेत आहे, बावीस वर्षं. पेशी सांभाळते. हाडांच्या पेशी. त्या एका बाटलीत राहतात, गुलाबी पाण्यात, माणसाच्या अंगाइतक्या उबेत, आणि दर दोन दिवसांनी त्यांचं पाणी बदलावं लागतं. पेशींना रविवार कळत नाही, नौरीझचा सण कळत नाही, आणि घरात पाहुणे आलेत हेही कळत नाही. झोलदासच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नातून ती दोन तास उठून गेली होती. आली तेव्हा मटण संपलं होतं आणि नणंद वर्षभर बोलली नाही.

सगळ्यांत मोठं भांडण खमिराचं. खमिराचं पीठ हाताला लागलं की त्यातलं काहीतरी नखांत, बाह्यांत राहतं आणि त्या बाटल्यांत शिरून तिथे वाढतं, महिन्याची मेहनत गढूळ होते. म्हणून पेशींना हात लावायच्या आदल्या दिवसापासून उल्बोसिन पिठाजवळ जात नाही. पेशींना ती दर दुसऱ्या दिवशी हात लावते. म्हणजे हिशेब असा की बावीस वर्षं या घरात बाउरसाकचं, तळलेल्या फुगीर पावाचं, पीठ धाकट्या सुनेने मळलेलं नाही. ते अपांनी मळलं, मी मळलं. अपा आल्यागेल्याला सांगत, "आमच्या धाकटीने पीठ मळायला लागू नये म्हणून पेशी पाळल्यात." पाहुणे हसत. उल्बोसिनही हसे, थोडा वेळ.

आता हाडांचं. संस्थेत एल्ला म्हणून एक मुलगी आहे, जर्मन घरातली, चौतीस वर्षांची, रसायनाचं शिकलेली. तिच्या डोक्यात आलं की दर हिवाळ्यात गावोगाव सोगिमला घोडा कापतात, वर्षाचं मांस घरात येतं, आणि पायाची जाड हाडं खाऊन झाल्यावर उकिरड्यावर जातात. ती हाडं नीट साफ करून भट्टीत भाजली तर उरतो तो पांढरा, भोकाभोकांचा, दगडासारखा पदार्थ. त्याच्या कोटाच्या बटणाएवढ्या चकत्या करायच्या. माणसाचं हाड मोडून मध्ये पोकळी पडली, तर तिथे असा तुकडा ठेवायचा आणि आपलं हाड त्याच्या भोकांतून वाढत जावं. पण माणसात ठेवायच्या आधी बघावं लागतं की पेशी त्या चकतीवर जगतात का. हे बघायचं काम उल्बोसिनचं. चोवीस खळग्यांची एक ताटली असते; काही खळग्यांत चकती, काहींत नुसत्या पेशी. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी रंग टाकून मोजायचं. जिवंत हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. ती हातातलं यंत्र टिकटिकवत मोजते. घरी भांडी विसळतानासुद्धा तिचा अंगठा हलताना मी पाहिलाय.

झोलदासच्या नडगीत खाणीतल्या अपघातापासून पोलादी पट्टी आहे. तो अधूनमधून म्हणतो, "काय गं, तुझ्या पेशी माझ्या पायात कधी येणार? मी आहे तोवर की नंतर?" ती म्हणते, "आधी त्या ताटलीत तर राहू देत."

डिसेंबरात पहिली हाडं आमच्याच घरून गेली. उल्बोसिनने ती स्वतः साफ केली. साध्या पाण्यात चार चार तास उकळून, पाणी टाकून, पुन्हा उकळून, चाकूने मज्जा आणि पापुद्रे खरवडून. तीन दिवस घरभर वास होता आणि तिची बोटं सुजली होती. त्या चकत्यांवर पेशी छान वाढल्या. एल्लाने आणलेला केक आम्ही सगळ्यांनी खाल्ला. अपांनीही खाल्ला, साखर जास्त आहे म्हणत दोन तुकडे.

फेब्रुवारीत दुसरी खेप हवी होती. हाडं शेडमध्ये गोठलेल्या पोत्यात होती. उल्बोसिन तापाने पडलेली, उठून पुन्हा कामावर गेलेली, घरी आली की भिंतीला टेकून बूट काढायची. एका संध्याकाळी आली तर हाडं तयार. अंगणातल्या चुलीवर दिवसभर उकळून, घासून, टॉवेलवर ओळीने वाळत घातलेली, पांढरीशुभ्र. अपा म्हणाल्या, "घेऊन जा. माझ्यापेक्षा आंबट तोंड करून हिंडतेयस, बघवत नाही."

सासूने सुनेसाठी असं काही करणं आमच्याकडे रोज होत नाही. उल्बोसिनने काही विचारलं नाही. त्या दिवशी ती जेवून लगेच झोपली, बऱ्याच दिवसांनी.

आणि आता मार्च. त्या दुसऱ्या खेपेच्या चकत्यांवर पेशी मेल्या. पहिल्याच दिवशी निम्म्या लाल, तिसऱ्या दिवशी बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेजारच्या, चकती नसलेल्या खळग्यांत मात्र त्याच पेशी मजेत होत्या. संस्थेचे प्रमुख म्हणाले की पहिल्या वेळी नशीब होतं, हा पदार्थ विषारी आहे, असंच अहवालात जाईल. एल्लाची नेमणूक या कामापुरतीच आहे. काम बंद म्हणजे एल्ला बंद. बैठक उद्या दहाला.

हे सगळं आम्हाला आधीच माहीत होतं. उल्बोसिन आठवडाभर जेवताना तेच सांगत होती, कोणी ऐको न ऐको. नवीन होतं ते आजचं. आज तिच्या लक्षात आलं की मेलेल्या खळग्यांतलं पाणी गढूळ नव्हतं. गढूळ म्हणजे जंतू. ते स्वच्छ होतं, फक्त गुलाबी सोडून जांभळं झालेलं. पेशी वाढल्या की ते पिवळट होतं. त्यात खार, म्हणजे अल्कली, उतरला की जांभळं. मग तिने उरलेली एक चकती नुसत्या पाण्यात टाकली, तासाभराने त्यात रंग टाकला, तोही जांभळा. चकतीतून काहीतरी सुटत होतं. भट्टी तीच, धुण्याची पद्धत तीच, एल्लाचे हात तेच. वेगळी होती ती फक्त हाडं साफ करण्याची जागा. आमचं अंगण.

म्हणून ती कोट न काढता दाराशी उभी होती.

"सोडा," अपा शेवटी म्हणाल्या. झाकण ठेवलं, हात पुसले. "धुण्याचा सोडा. दोन मुठी. मग काय घालतात? दवाखान्याच्या धुलाईघरात एकतीस वर्षं होते मी. रक्ताची, पुवाची कापडं यायची, आणि माझ्या हातून गेलेल्या चादरीवर डॉक्टरांना डाग दिसला नाही. नातवंडांचे खेळायचे घोटे, मेंढीच्या पायाची हाडं, मी सोड्यातच उकळले, त्यातलं एकही पोर मेलं नाही. तुझ्या पेशी कोण मोठ्या साहेबीण लागून गेल्या?"

"त्यांच्या अंगावर कातडी नसते, अपा," उल्बोसिन म्हणाली. मग खाली बसली, जमिनीवर, बुटांच्या शेजारी. कोटासकट.

मला वाटलं रडेल. ती रडत नव्हती. तिने पाय पसरले आणि डोळे मिटून सांगायला लागली, त्याच संथ आवाजात, जसं ती गॅसचं बिल भरायचं राहिल्याचं सांगते. सोडा हाडाच्या भोकांत शिरला. भट्टीत तो जात नाही. एल्लाने दोनदा धुतलं, कारण वहीत लिहिल्याप्रमाणे हाडं साध्या पाण्यात उकळलेली होती आणि त्यांना दोनदा पुरतं. सोड्यातली आहेत हे ठाऊक असतं तर तिने वीसदा धुतलं असतं किंवा घेतलीच नसती. चकतीत दोष नाही. एल्लात दोष नाही.

झोलदास म्हणाला, मग झालं, उद्या जाऊन तेवढं सांग.

"सांगून चालत नाही. वहीत लिहावं लागतं." तिने डोळे उघडले. "वहीत एक रकाना आहे. हाडं कोणी साफ केली. फेब्रुवारीत तिथे मी माझं नाव लिहिलं."

झोलदासला कळायला वेळ लागला. मला नाही लागला. मी सुरी खाली ठेवली.

तीस वर्षं झाली, उल्बोसिनने सासूचं नाव उच्चारलेलं नाही. मी अडतीस वर्षं नाही. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, लिहीतही नाही. एकदा आम्ही दोघी अपांना दवाखान्यात घेऊन गेलो, खिडकीतल्या बाईने नाव विचारलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी मी अपांचा पासपोर्ट काढून काचेखालून सरकवला. बाई आम्हाला म्हणाली, "मुक्या आहात का?" आजही मी ते नाव इथे लिहिणार नाही, कुणाला हसायचं असेल तर हसा.

तर फेब्रुवारीत त्या रकान्यापाशी उल्बोसिनचं पेन थांबलं. अंगात ताप, मागे एल्ला चकत्यांची घाई करत होती, आणि समोर चौकोन. 'घरची मंडळी' असं तिथे लिहिता येत नाही. 'सासू' असंही नाही, पूर्ण नाव लागतं. तिला वाटलं, एवढ्यातेवढ्याने काय होतं. हाडं आमचीच, घर माझंच. आणि तिने स्वतःचं नाव लिहिलं. उल्बोसिनचं नाव दिसल्यावर कोण विचारणार की पाण्यात काय होतं? बावीस वर्षांत तिच्या नोंदीत खाडाखोड नाही.

"माझ्या नावावर घे," झोलदास म्हणाला. "माझं नाव तसंही गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या वह्यांत आहे. अजून एक."

"एक खोटं पुसून दुसरं लिहू?"

"मग तुझंच राहू दे. म्हण, मीच सोडा घातला, तापात होते, चुकले."

मला हे पटलं. मी तसं बोललेही. यात कोणाचं काय गेलं? सोड्याचं खरं कारण नोंदलं जातं, एल्ला वाचते, अपांचं नाव चार माणसांत जात नाही. उल्बोसिन मान हलवत राहिली. ती म्हणाली की प्रमुख पहिलं हेच विचारतील, बावीस वर्षं काम केलेली बाई हाडात सोडा घालते कशी? कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, एल्लाला वाचवायला रचलंय. त्यांनी दुपारी दारातच सांगितलं होतं: काही खुलासा असेल तर ज्याने केलं त्याच्या हातचा आणि ज्याने केलं त्याच्या सहीचा, ऐकीव गोष्ट वहीत चालत नाही.

"आणि खरं सांगू का, ताई," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दिवसभर माझ्या मनात एकच येतंय. गप्प बसावं. ते बंद करतात तर करू देत. मी घरी बसेन. रविवारी उठायचं नाही. पीठ मळेन." ती थोडं हसली. "एल्ला मला मावशी म्हणते. आज विचारत होती, 'उल्या मावशी, मी कुठे चुकले?' तीन वेळा धुण्याची भांडी तपासली तिने. मला तोंडच उघडता येईना."

रस्सा उकळत होता, मी शेवया सोडल्या. अपा पाठमोऱ्या उभ्या होत्या, दोन्ही हात ओट्यावर टेकून. त्यांची पाठ आताशा वाकलीय, पण त्या वेळी सरळ दिसत होती, म्हणजे रागावलेल्या होत्या. मला वाटलं, आता सुरू होईल: म्हाताऱ्या माणसाने मदत केली तर ही तऱ्हा, पुन्हा बोटही लावणार नाही, वगैरे. तसं झालंही, पण अर्ध्यावर.

"मी काय सोडा चोरून घातला का?" त्या म्हणाल्या. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं. हाडं बघून तुझा चेहरा असा सुटला की तू विचारलंच नाहीस."

"नाही विचारलं," उल्बोसिन म्हणाली.

"आणि पहिल्या वेळी केक आला तेव्हा वहीत कोणाचं नाव होतं?"

"माझं. तेव्हा मीच केलं होतं."

"हं."

आम्ही जेवायला बसलो. उल्बोसिनने कोट काढला, हात धुतले, तिच्या पद्धतीने, कोपरापर्यंत, प्रत्येक नख वेगळं. अपांनी प्याल्यांत चहा ओतला. हे काम खरं तर धाकट्या सुनेचं, पण तिच्याकडे बघून कोणी काही म्हटलं नाही. झोलदासने पाव तोडून आईपुढे ठेवला. पाव शिळा होता, परवाचा. उद्या नवीन करायचा होता. जेवणानंतर खमीर भिजवायचं ठरलेलं, पिठाचं पातेलं ओट्यावर तयार होतं.

अपांनी दोन घोट घेतले. मग विचारलं, त्या संस्थेत जायला बस कुठली. झोलदासने सांगितलं. आठला सुटणारी पकडली तर किती वाजता पोचते? साडेनवाच्या आत. पायऱ्या आहेत का? उल्बोसिनने वर पाहिलं. म्हणाली, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण कधी चालते कधी नाही.

"आणि त्या मुलीला, जर्मन, तिला रशियनच कळतं ना? माझं रशियन धुलाईघरातलं आहे."

"कळेल तिला," उल्बोसिन म्हणाली. "अपा, तुम्हाला यायची गरज नाही. मी बघेन काय ते."

"काय बघशील? नाव तर तुझ्या तोंडून निघायचं नाही, आणि हातूनही नाही. आणि निघू नये." अपांनी चहा पुरे म्हणून प्याला पालथा घातला. "माझं नाव मला लिहिता येतं. एकतीस वर्षं पगाराला सही केलीय. सोडा किती, पाणी किती, किती तास, सगळं सांगेन. चादरीतून सोडा जायला किती पाणी लागतं तेही सांगेन त्या पोरीला, ते तुमच्या वहीत नसेल."

"लोक बोलतील," झोलदास म्हणाला, "की म्हातारीने..."

"म्हातारी आहेच मी."

उल्बोसिनने हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं, आणि पुढचं तिला दिसत होतं. प्रमुखांचं बोलणं, लाल शाईने खोडलेलं तिचं नाव, बावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. आणि मग पुन्हा शेडमधलं पोतं, पुन्हा चार चार तास साधं पाणी, पुन्हा पहिला दिवस, तिसरा दिवस, सातवा दिवस. तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर हलत होता.

मी भांडी उचलायला लागले आणि सवयीने पिठाच्या पातेल्याकडे हात नेला, खमीर भिजवायला.

"ते ठेव," अपा म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, झाकण शोधत: "आज या घरात खमीर भिजवायचं नाही. उद्या मी उल्बोसिनबरोबर तिच्या पेशींकडे जाणार आहे."